‘भाजी संपव, मग आईस्क्रीम’

रविवारी संध्याकाळी गर्दीच्या उडपी हॉटेलात थोडा वेळ बसलं, की लहान मुलांविषयीचे आपले बहुतेक समज फुकटात ऐकायला मिळतात. ‘गोड नको देऊ, अंगात येईल त्याच्या.’ ‘ताट स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही.’ ‘मोबाईल द्या हो, त्याशिवाय घास उतरत नाही तिच्या घशाखाली.’ बोलणारे प्रेमानंच बोलतात. पण यातल्या बऱ्याच गोष्टी कुणी ना कुणी तपासून पाहिल्या आहेत, आणि त्या तपासणीत टिकलेल्या नाहीत.

साखरेचंच घ्या. डॅनियल हूव्हर आणि रिचर्ड मिलिच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९९४ सालचा एक प्रयोग आहे. आपला मुलगा साखरेनं चेकाळतो अशी खात्री असलेल्या आया आणि त्यांचे ५ ते ७ वर्षांचे मुलगे त्यांनी बोलावले. प्यायला दिलं ते सगळ्यांना सारखंच, साखरेचा कणही नसलेलं गोड पेय. काही आयांना मात्र सांगितलं, की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त वळवळी वाटली. इतकंच नव्हे, त्या मुलाला अधिक खेटून बसल्या आणि त्याला अधिक टोकत राहिल्या. पुढच्याच वर्षी मार्क वोलराइक आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या; साखरेमुळे मुलांच्या वागण्यात फरक पडतो असं त्यांत दिसलं नाही. वाढदिवसाला मुलं उधळतात ती वाढदिवसामुळे. वीस मुलं, फुगे, मोठ्यानं लावलेली गाणी आणि टळून गेलेली झोप एवढं त्याला पुरेसं आहे.

याचा अर्थ साखर मोकाट द्यावी असा नाही. दात किडतात ते खरंच. दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर देऊच नये, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. (गूळ घातला म्हणजे सुटलो, असं समजू नये.)

‘हल्ली काही खातच नाही’ ही तक्रार दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या घरी हमखास असते, आणि बहुतेक वेळा ती अंकगणिताची चूक असते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होतं. त्यानंतर वाढीचा वेग एकदम उतरतो. दोन ते पाच या वयात मूल वर्षाला जेमतेम दोन किलोंच्या आसपास वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. त्याच सुमाराला अनोळखी पदार्थ तोंडात न घेण्याची खोड लागते, तीही वयाचाच भाग आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख वर सरकत असेल, तर अर्धी पोळी खाऊन उठलेलं मूल पोट भरूनच उठलेलं असतं. आलेख सपाट झाला किंवा खाली आला, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं.

‘याला दोडका आवडत नाही’ हा निकालही आपण फार लवकर देतो. लीॲन बर्च या संशोधिकेनं १९८२मध्ये दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ कमी-अधिक वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडला. नवी चव रुळायला आठ-दहा किंवा त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. आपण मात्र चार वेळा नाक मुरडलं की दोडका कायमचा बाद करतो. बर्च यांच्याच १९८४च्या प्रयोगातली गोष्ट अधिक बोचरी आहे. एखादा पदार्थ संपवल्यावर बक्षीस मिळेल असं सांगितलेल्या मुलांची त्या पदार्थाची आवड उलट घटली. म्हणजे ‘भाजी संपव, मग आईस्क्रीम’ या वाक्यातून मूल शिकतं ते एवढंच, की भाजी ही शिक्षा आहे आणि आईस्क्रीम हा मोबदला. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली वाटणी मला पटते: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलानं. चिऊचा घास, काऊचा घास चालू दे की. मुलानं मान फिरवल्यानंतरचा मैनेचा घास मात्र जबरदस्तीचा.

चित्रांच्या बाबतीत हीच बक्षिसाची चूक आपण जास्त हौसेनं करतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत हे पाहिलं. मुळातच चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना त्यांनी आधी सांगून ठेवलं, की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी बालवाडीत मोकळ्या वेळात रंग ठेवले, तेव्हा या मुलांनी चित्रांना इतरांच्या निम्माच वेळ दिला. ज्यांना काही न सांगता नंतर प्रशस्तिपत्र दिलं होतं, त्यांची गोडी कायम होती. सोसायटीच्या गणेशोत्सवात तीन वर्षांच्या मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवणाऱ्या मंडळींनी हे जरूर वाचावं.

शिवाय तीन वर्षांच्या मुलाच्या चित्रात ‘बरोबर’ काय असतं? सुरुवातीचं गिरगटणं हा हाताच्या हालचालीचा आनंद असतो. मग ते एक वेडावाकडा गोल काढतं आणि म्हणतं, ‘आजोबा’. पाच मिनिटांनी तोच गोल बस होतो. पुढे पहिला माणूस उमटतो: एक मोठं डोकं आणि त्यातूनच थेट फुटलेले दोन पाय. पोट नाही, मान नाही. जगभरातली मुलं असाच माणूस काढतात. ऱ्होडा केलॉग या अमेरिकी बाईंनी मुलांची दहा लाखांहून अधिक चित्रं जमवून हा क्रम दाखवला. या वयात रंग निवडला जातो तो आवडीनं. जांभळा कुत्रा काढणाऱ्याचे डोळे किंवा मन बिघडलेलं नसतं. मोठ्यांनी हात धरून दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी शिकवली, की चित्र नीटनेटकं होतं खरं, पण ते मुलाचं राहत नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा पुढे आहेतच की. डाव्या हातात खडू धरणाऱ्या मुलाचा हात बदलायचाही खटाटोप नको. दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो, आणि ते मेंदूतूनच ठरलेलं असतं.

कलेसाठी महागडा संच हवा, हा समज दुकानदारांच्या सोयीचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांची बालवाडी चालवली, ती शिंपले, बिया, पानं, दगड अशा अवतीभवतीच्या साधनांवर. विकतचं काही आणलंच, तर डब्यावरच्या ‘नॉन-टॉक्सिक’ या शब्दावर विसंबू नये. तो तपासणीचा दाखला नव्हे. १ जानेवारी २०२१पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते शोधावं. उरलेला गुलाल आणि रांगोळी बोटांनी रंगवायला देऊ नये, डोळ्यांत आणि तोंडात जाते. हळद-पाणी आणि बीटाचा रस चालतो. हळदीचे डाग जाणार नाहीत, जुने कपडे घाला.

आता हॉटेलातला मोबाईल. दोन वर्षांखाली पडदा नको आणि २ ते ४ या वयात दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं. जेवताना तो देण्यातला तोटा आणखी वेगळा आहे: डोळे पडद्यावर असताना पोट भरल्याची खूण मुलाला कळत नाही. मूल हॉटेलात वैतागतं कारण त्याला भूक लागलेली असते आणि ऑर्डर यायला वीस मिनिटं असतात. साडेनऊऐवजी सातला जावं, बसल्या बसल्या त्याची इडली आधी मागवावी, आणि पिशवीत चार खडू व पाठकोरे कागद ठेवावेत. आणि शेवटी आईस्क्रीम मागितलंच, तर त्यानं सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. बालवाडीतल्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे.

इथवरचे गैरसमज फार तर मुलाची गोडी घालवतात. पुढचे दोन जिवावर बेतू शकतात.

पहिला भाजण्याचा. वाफाळतं सांबार आणि चहा मुलाचा हात पोचेल तिथेच ठेवले जातात. भाजल्यावर टूथपेस्ट, तूप, शाई, बर्फ यांतलं काहीही लावायचं नाही. नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं भाग धरायचा, मग दवाखाना.

दुसरा घशात अडकण्याचा. ‘दाणे काय, सगळेच खातात’ हे खरं नाही. चार वर्षांखालच्या मुलाला घास चावून बारीक करणं नीट जमत नाही आणि त्याची श्वासनळी अरुंद असते. त्यामुळे अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं आणि कडक गोळ्या त्याला द्यायच्या नाहीत. द्राक्ष उभं चिरून द्यावं. अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्यावं. पाणी पाजू नये, न दिसणाऱ्या घासामागे घशात बोट घालू नये. आवाजच फुटत नसेल, तर एकानं १०८ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच उपचार सुरू करायचे. वर्षाखालच्या बाळाला पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधे पाच थापा आणि उताणं करून छातीवर पाच दाब. वर्षावरच्या मुलाला आधी पाठीवर पाच थापा, मग मागे उभं राहून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेनं पाच झटके, असं आलटून पालटून. वाचून हे हातात बसत नाही. पुढच्या लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांकडून बाहुलीवर करून दाखवून घ्या, आणि दिवसभर नातवंडं ज्यांच्याकडे असतात त्या आजी-आजोबांनाही बरोबर न्या.