बिल्ज पंप आणि अन्वय-व्यतिरेक

मागच्या व्याख्यानात अन्वय-व्यतिरेक पाहिला. कारण असलं की कार्य घडतं, कारण काढून घेतलं की घडत नाही. आज त्याचं एक ओलं उदाहरण घेऊ. बामणोली-तापोळ्याला शिवसागरात तुम्ही लाँचने फिरला असाल. २०१९ च्या महापुरात तर सांगलीच्या रस्त्यांवर बोटी आल्या. बोटीच्या तळात झिरपलेलं पाणी उपसायला १२ व्होल्टचा बिल्ज पंप असतो. तो ऐन वेळी चालला नाही तर?

पाणी चढलं की फ्लोट स्विच उचलला जातो आणि पंप सुरू होतो. म्हणून आधी फ्लोट हाताने उचला. पंप गप्पच? मग मॅन्युअल बटण दाबा. त्यावर चालला, तर मोटर निर्दोष. संशय फ्लोटवर, त्याच्या वायरीवर. तरीही नाही चालला, तर फ्यूज बघा. उडाला असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका हं! मेन बंद करून पंख्यात चिंधी अडकलीय का पाहा. अडकलेली मोटर जास्त करंट ओढते.

आता गंमत. फ्यूज शाबूत, वायरीच्या टोकाशी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पंप मात्र ढिम्म. लोक लगेच पंप बदलतात. पण ते माप पंप सोडवून घेतलं होतं ना? गंजलेल्या जोडातून मीटरपुरता करंट जातो, मोटरपुरता नाही. पंप जोडून, बटण दाबून मोजा. बॅटरीशी १२ आणि पंपाशी ६ आले, तर उरलेले ६ वाटेतल्या जोडांनी खाल्ले. पंपाशीही १२ च राहिले, तरच मोटरला दोष द्या. आणि काळी वायरसुद्धा तपासा. बहुतेक जण लालच बघतात.