सहलीला निघताय? आधी तिथी बघा, मग डबा भरा

अलिबाग : शाळांना सुट्टी लागली की घराघरात एकच विषय निघतो, एक दिवस कुठंतरी जाऊन येऊ. रायगडच्या किनारपट्टीवरच्या माणसाला त्यासाठी लांब जायची गरज नाही. फणसाडचं जंगल, कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य, अलिबागचा कुलाबा किल्ला, मुरुडचा जंजिरा, हरिहरेश्वर, सगळं आपल्याच जिल्ह्यात. पण सोबत लहान मुलं आणि म्हातारी माणसं असली की गाडी काढली आणि निघालो, असं चालत नाही. कुठं जायचं यापेक्षा किती वाजता पोहोचायचं, हे आधी ठरवावं लागतं.

समुद्राची वेळ कशी काढायची?

आपल्याकडे कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, भरतीचं गणित तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. म्हणजे चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढं सरकते. हा ढोबळ अंदाज आहे. निघण्याआधी त्या दिवशीचं भरतीचं वेळापत्रक बघा किंवा किनाऱ्यावर विचारून घ्या.

आता कुलाबा किल्ल्याचं बघू. ओहोटीला तिथं चालत जाता येतं. दुपारी बाराच्या ओहोटीला सावकाश जाऊ, असं अनेकांना वाटतं. पण भर दुपारची ओहोटी येते अष्टमीच्या आसपास, आणि नेमकं तेव्हाच भांगाचं पाणी असतं. म्हणजे भरतीही कमी आणि ओहोटीलाही पाणी फार हटत नाही. त्यामुळे वाटेत पाणी राहू शकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी असतं. तेव्हा समुद्र खूप आत जातो, पण ती ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला. कुटुंबाला घेऊन जायला सोयीच्या तिथी म्हणजे तृतीया ते पंचमी, सकाळी आठ ते पावणेदहाच्या दरम्यानची ओहोटी. नाहीतर द्वादशी-त्रयोदशी, दुपारी तीन ते पावणेचारची.

ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात परत किनाऱ्यावर या. भरतीचं पाणी पहिल्या तासात हळू चढतं. तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात वेगानं चढतं. म्हणून ‘अजून तर घोट्याएवढंच आहे’ म्हणत थांबणारी माणसं अडकतात. उशीर झालाच, तर पोरांना कडेवर घेऊन पाण्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा, होडीची चौकशी करा.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर पूर्ण ओहोटीलाच करायची. दगडी कपारीतून पायऱ्या उतरल्या की वाट समुद्रालगतच्या कातळावरून जाते. कातळ शेवाळानं निसरडा असतो आणि लाट आली की आडोसा नाही. म्हाताऱ्या माणसांनी वरूनच दर्शन घेतलेलं बरं.

‘पावसाळा नाही, मग काय होतंय’ हा भ्रम काढून टाका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता. महाड, पोलादपूर, सुधागडकडच्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. नदीत पोहता येणं वेगळं आणि समुद्राची ओढ सोसणं वेगळं. मुलांना गुडघ्यापुढं जाऊ देऊ नका. एक मोठं माणूस मोबाईल खिशात ठेवून फक्त मुलांवर लक्ष ठेवेल, असं आधीच ठरवून घ्या.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीतून जायचं. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. किल्ल्याच्या दरवाजाशी होडी हलत असताना उतरावं लागतं. गुडघेदुखी असलेल्यांनी ते ध्यानात घेऊनच बेत करावा.

फणसाड : नवाबाच्या शिकारीचं रान

मुरुड-रोहा तालुक्यांतलं फणसाड एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. क्षेत्र ५० चौरस किलोमीटरहून अधिक. आत पाणवठे आहेत, त्यांना इथं ‘गाण’ म्हणतात. प्राणी पाण्यावर येतात, म्हणून माणसांनी तिथं गोंगाट करायचा नाही.

मुलांना दाखवायचा तो शेकरू. आपल्या राज्याचा राज्यप्राणी. तो सकाळी आणि संध्याकाळी हिंडतो, भर दुपारी फांदीवर पडून असतो. त्यामुळे सुपेगावच्या बाजूनं आत जायचं तर सकाळी लवकर. अकराला पोहोचून ‘काहीच दिसलं नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. उंच झाडावर काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं असू शकतं. आत जाण्याआधी वनखात्याच्या चौकीवर परवानगी आणि वाटाड्याची चौकशी करा.

कर्नाळा : किल्ला की पक्षी, एक ठरवा

पनवेलपासून साधारण १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा आहे. १९६८ मध्ये हे पक्षी अभयारण्य झालं. पुढं त्याची हद्द वाढून १२.११ चौरस किलोमीटर झाली. लहान मुलं असतील तर खालच्या झाडीतल्या वाटेवरच दोन-तीन तास छान जातात. किल्ल्याची चढण दमवणारी आहे, आणि पक्षी बघायची आणि किल्ला चढायची, दोन्हींची चांगली वेळ सकाळचीच. म्हणून एक काहीतरी निवडा.

वरच्या सुळक्यावर आग्या मोहोळाची पोळी असतात. तिथं धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर नको. माकडांना चिवडा-बिस्किटं देऊ नका. खायची सवय लागलेलं माकड पुढच्या माणसाच्या हातातली पिशवी ओढतं. नेलेलं प्लास्टिक मोजून परत आणा.

एसटीचं गणित

सहल महाग पडते असं वाटत असेल तर एसटीचा हिशोब करून बघा. महिलांना तिकीट अर्धं. ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं. म्हणजे ७६ वर्षांची आजी, आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं अशी पाच माणसं निघाली, तर वडिलांचं एक पूर्ण आणि तीन अर्धी, मिळून अडीच तिकिटांत काम होतं. आजीचं आधार कार्ड मात्र विसरू नका. स्टँडवरून पुढं मिनीडोर किंवा रिक्षा करावी लागेल. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या-उतरल्या कंट्रोलरला विचारून घ्या. संध्याकाळी विचारण्यात काही हशील नाही.

पिशवीत काय हवं?

माणशी दोन लिटर पाणी, घरची भाकरी-चटणी किंवा पोळी-भाजी, टोपी, जादा कपडे, जलसंजीवनीची पाकिटं आणि रोजच्या गोळ्या. जंगलात पायात चप्पल नको, बूट हवेत. दगड उलटवून बघू नका. विंचवाच्या दंशावर आज औषध आहे, महाडच्या डॉ. हिमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून असंख्य जीव वाचले. पण त्यासाठी मांत्रिकाकडं न थांबता दवाखाना गाठावा लागतो. साप चावला तरी तेच. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, वनखात्यासाठी १९२६ हे नंबर मोबाईलमध्ये ठेवा. जंगलात रेंज जाते, म्हणून कुठं चाललोय आणि किती वाजता परतणार, हे घरी किंवा शेजारी सांगूनच निघा.

आणि एक. एका दिवसात एकच ठिकाण करा. सकाळी फणसाड, दुपारी जंजिरा, संध्याकाळी काशीद असा बेत आखला की दिवस रस्त्यातच जातो. मुलं कंटाळतात, आजी थकते, आणि घाईघाईत नेमकी भरतीची वेळ विसरली जाते.