वादळाआधी तुमचा फोन का ओरडतो? रायगडच्या किनाऱ्यावरून समजून घेऊया

२०२३ मध्ये एके दिवशी अचानक फोन जोरात वाजला, स्क्रीनवर सरकारी मेसेज आला आणि आपण सगळे दचकलो, आठवतंय? ती टेस्ट होती. पण तिची गरज काय, हे रायगडकरांना वेगळं सांगायला नको.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वीज गेली, मोबाइल टॉवर बंद पडले. मुंबईतल्या चाकरमान्यांना गावी साधा फोनही लागेना.

म्हणजे बघा, वादळ आल्यावर फोन उपयोगाचा नसतो. त्याचं खरं काम वादळाच्या आधी असतं. निसर्गच्या वेळी अंदाज आधी मिळाला, म्हणूनच किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना वेळेत हलवता आलं.

हे काम एकट्या खात्याचं नाही. हवामान विभाग वादळाचा मार्ग सांगतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज देते. जिल्हा प्रशासन आणि एनडीआरएफ लोकांना हलवतात. आणि मेसेज पोहोचवतात टेलिकॉम कंपन्या. यातली एक कडी तुटली, तर अचूक अंदाजही कागदावरच राहतो.

आता त्या आवाजामागचं तंत्र. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस प्रत्येक नंबरला वेगळा जातो, त्यामुळे गर्दीत अडकतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर रेडिओसारखा एकच मेसेज सोडतो आणि रेंजमधल्या सगळ्या फोनवर तो एकदम उमटतो. तुमचा नंबर कुणाकडे असण्याची गरजच नाही.

पण मासेमारीला गेलेल्या कोळी बांधवांचं काय? किनाऱ्यापासून साधारण दहा-बारा किलोमीटरनंतर मोबाइलची रेंज संपते. त्यासाठी २०१९ मध्ये जेमिनी हे उपकरण आलं. ते उपग्रहाकडून इशारा घेतं आणि ब्लूटूथने फोनवर दाखवतं. मर्यादा एकच: बोटीवरून उलट निरोप पाठवता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये ठरवलं, की २०२७ पर्यंत जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत असा इशारा पोहोचला पाहिजे. कारण सोपं आहे. दहा वर्षं वाढवलेली बाग एका दुपारी जाते. ती वाचवता येत नाही, पण माणूस वाचला तर बाग पुन्हा उभी राहते. शाश्वत विकासाची सुरुवात इथूनच होते.

मग तुम्ही काय कराल? फोनच्या सेटिंग्जमध्ये इमर्जन्सी अलर्ट शोधा आणि चालू आहेत का ते बघा. 'सचेत' ॲप टाकून आपला जिल्हा निवडा. आणि गावी गेलात की आजीच्या फोनवरही हे करून द्या. तिच्याकडे साधा फोन असेल, तर इशारा आल्यावर तिला लगेच कॉल करायची जबाबदारी तुमची. शेवटची कडी आपणच आहोत!