भुकेल्या स्पीकरसाठी जुना ॲम्प्लिफायर कसा पारखावा

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याची भिस्त स्वतःच्या छातीवर होती. आज आमच्या नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी व्याख्यान असो, मंडपवाला दोन कर्णे खांबाला बांधतो, चाळीसएक वॉटचा ॲम्प्लिफायर टेबलाखाली ठेवतो आणि वक्त्याचा खोकलासुद्धा मैदानाच्या कडेला भेळवाल्यापर्यंत पोहोचवतो. असे असता घरच्या बारा बाय चौदाच्या खोलीत गाणे ऐकावयास शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर अपुरा का पडावा? हा प्रश्न आम्हांस पुस्तकात भेटला नाही. तो आमच्याच घरी उभा राहिला आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत आमचे बरेच नुकसान होऊन गेले होते.

आमचे मेहुणे परदेशातली नोकरी संपवून परतले, तेव्हा त्यांनी आपले जुने स्पीकर आम्हांस दिले. चहूबाजूंनी बंद अशा जड लाकडी पेट्या होत्या त्या, आणि मागे ‘४ ओहम’ असे लिहिलेले होते. आम्ही त्यांना एका दुकानातून घेतलेला ॲम्प्लिफायर जोडला. त्याच्या तोंडावर शंभर वॉट असे ठळक छापले होते. गायन ठीक वाजे, परंतु तबलजीने डग्ग्यावर घुमारा काढला की आवाज फाटे. स्पीकरच म्हातारे झाले असावेत असे समजून आम्ही बटण आणखी पुढे फिरवीत गेलो. चौथ्या दिवशी डाव्या पेटीतला ट्वीटर, म्हणजे बारीक स्वर काढणारा छोटा स्पीकर, कायमचा मुका झाला. तसा ट्वीटर आता कोणी बनवीत नाही. दोष स्पीकरचा नव्हता. त्याला जोडलेल्या यंत्राची पारख आम्ही केली नव्हती.

कर्णा आणि घरची पेटी यांत मूळचाच फरक आहे. एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, या मापाला संवेदनशीलता म्हणतात. मैदानावरच्या कर्ण्याची संवेदनशीलता १०५ डेसिबलच्या आसपास असते, तर घरच्या काही पेट्यांची ८२. हा फरक दिसावयास लहान दिसतो. पण दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट आणि दर १० डेसिबलला दसपट लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे २३ डेसिबलचा अर्थ दोनशे पट असा होतो. मंडपवाल्याचे चाळीस वॉट मैदान का भरतात, याचे उत्तर इथे आहे. मात्र कर्ण्यातून डग्गा ऐकू येत नाही, नुसती त्याची टकटक येते.

खालचा स्वर हवा, पेटी लहान हवी आणि वॉटही थोडे लागावेत, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढून बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करणारा स्पीकर बाजारात आणला. लहान पेटीतून खोल स्वर निघू लागला. त्याची किंमत वॉटच्या रूपाने ॲम्प्लिफायरने मोजावयाची असे ठरले. पुढे १९७० नंतरच्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी आपल्या फिरत्या ध्वनिगाड्यांसाठी एलएस३/५ए हा अगदी पुस्तकाएवढा स्पीकर केला, तोही ८२-८३ डेसिबलचाच.

आता थोडा हिशेब करू. ८२ डेसिबलचे दोन स्पीकर तीन मीटरवर आहेत. खोलीतल्या अंतरापायी ६ डेसिबल वजा केले आणि दोन पेट्या म्हणून ३ मिळविले, तर एकेका वॉटला आपल्या कानापाशी ७९ डेसिबल मिळाले. आरामात ऐकावयाचा सरासरी आवाज ७५ धरला, तर अर्ध्या वॉटहून कमी शक्ती पुरते! परंतु तबल्याची थाप सरासरीच्या वर सहज २० डेसिबल उसळते. त्या क्षणी ९५ हवेत, म्हणजे चाळीस वॉट. स्पीकर ९० डेसिबलचा असता तर सहाच वॉटांत भागले असते. ॲम्प्लिफायरची परीक्षा होते ती या थापेच्या क्षणी. तानपुऱ्यावर सारेच पास होतात.

याच्या जोडीला ओहमचे प्रकरण आहे. स्पीकर विजेच्या वाटेत जो अडथळा करतो तो ओहममध्ये मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट द्यावयाचे तर २० व्होल्ट दाब आणि अडीच अँपिअर प्रवाह लागतो. तोच दाब ४ ओहमवर ठेवावयाचा तर पाच अँपिअर, म्हणजे १०० वॉट. पेटीवर लिहिलेले ४ ओहम हेही नाममात्र असतात. काही स्वरांवर ते तीनपर्यंत उतरतात. ज्याच्या पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर नाही, तो इथे धापा टाकतो. थापेचे शिखर कापले जाते, गोल लहरीचे चौकोनी ठोकळे होतात, आणि त्या ठोकळ्यांतली नको ती जादा शक्ती ट्वीटरच्या वाट्याला येते. दुबळा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो, हे ऐकून पुष्कळांना हसू येते; आम्हांलाही आले असते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की जुना ॲम्प्लिफायर घेताना तोंडावरचे वॉट शेवटी वाचावेत. प्रथम ८ ओहमला किती आणि ४ ओहमला किती, हे दोन आकडे पाहावेत. ८ ला ५० आणि ४ ला ९० असेल तर यंत्र कसदार आहे. ८ ला ८० आणि ४ ला ८५ असेल, किंवा ४ ओहमचा आकडाच दिला नसेल, तर आमच्यासारख्यांच्या पेट्यांसाठी ते नव्हे. आपल्याकडे १९९० नंतर हजार-हजार वॉट ‘पीएमपीओ’ लिहिलेल्या टेपरेकॉर्डरांची जी लाट आली, ती आठवली म्हणजे छापील वॉटांवरचा विश्वास आपोआप उडतो. स्पीकरच्या आकड्यातही एक मेख असते: संवेदनशीलता ‘२.८३ व्होल्टला’ अशी दिली असेल तर ८ ओहमला तो एक वॉट होतो. ४ ओहमला मात्र दोन वॉट. अशा वेळी छापील आकड्यातून ३ डेसिबल वजा करावेत.

दुसरे, मागची पाटी वाचावी. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेले की परदेशी यंत्रे दिसतात. जपानातल्या घरासाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टचे, अमेरिकेतले १२० चे. ते आपल्या २३० च्या प्लगला लावले तर क्षणात धूर. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो. पण तो पुरेशा क्षमतेचा हवा. शिवाय पाटीवर फक्त ६० हर्ट्झ असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो, हेही धरून चालावे. आमच्याकडे खेड्यांत पंप सुरू झाले की दाब उतरतो. दाब दहा टक्के उतरला की साध्या ॲम्प्लिफायरची जास्तीत जास्त शक्ती जवळपास एकोणीस टक्क्यांनी घटते. तेव्हा गरजेपेक्षा दीडपट शक्तीचे यंत्र घेणे ही चैन नव्हे.

दुकानात मल्टिमीटर अवश्य न्यावा; दुकानदाराने तोंड वाकडे केले तरी चालेल. स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजावेत. ५० मिलिव्होल्टच्या आत असले तर ठीक. शंभराच्या वर गेले तर शंका घ्यावी. पूर्ण व्होल्टात आकडा आला तर नमस्कार करून बाहेर पडावे, कारण तो दाब स्पीकरचे वेटोळे जाळतो. बटण फिरवताना खरखर झाली तर घाबरू नये, ती धूळ असते आणि साफ होते. एक बाजू हळू आवाजात गुल होऊन मोठ्या आवाजात परत येत असेल, तर बहुधा आतल्या रिलेचे टोक गंजलेले असते. तेही स्वस्तात निघते. परंतु गाणे नसताना सतत घूं असा नाद येत असेल, तर मोठे कपॅसिटर म्हातारे झाले असण्याचा संभव आहे. उष्णतेने ते लवकर सुकतात. दर दहा अंशांना त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, आणि नगरचा मे महिना आपण जाणतोच. ते बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

तासभर चालू ठेवून दोन्ही बाजूंना हात लावून पाहावा. एक बाजू कोमट आणि दुसरी चटका देणारी असेल तर आत कुणीतरी दुरुस्ती केली आहे. शक्तीचे ट्रान्झिस्टर आणि एसटीके जातीच्या चिप यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. त्या हळू आवाजात बिनबोभाट चालतात आणि थापेला दगा देतात. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते, तेव्हा झाकण उघडून बोट घालण्याचे धाडस करू नये; ते कारागिराचे काम.

मंडपवाल्याकडचा जुना ॲम्प्लिफायर स्वस्तात मिळतो म्हणून पुष्कळांचा मोह होतो. ती यंत्रे कष्टाळू खरी. पण ती लांब तारेवर कर्णे चालविण्यासाठी घडलेली असतात आणि बहुधा एकाच वाहिनीची असतात. आजचे डी वर्गाचे तळहाताएवढे नवे ॲम्प्लिफायर मात्र आम्ही हिणवणार नाही. ९० डेसिबलच्या स्पीकरला ते सुखाने पुरतात. त्यांचे खरे बळ त्यांच्यासोबत येणाऱ्या अडॅप्टरएवढेच असते, इतके लक्षात ठेवावे.

आम्ही शेवटी पुण्याहून ८ ओहमला ६० आणि ४ ला १०५ वॉटचे जुने यंत्र आणले. सोळा किलोचे धूड एस. टी.च्या मागच्या चाकावर ठेवू नका, असे कारागिराने बजावले होते. सुप्यापर्यंत ते आमच्या मांडीवर होते आणि पुढे एका भल्या विद्यार्थ्याच्या. ट्वीटरच्या जागी दुसऱ्या जातीचा बसवला आहे. डावी बाजू उजवीहून किंचित उजळ वाजते, पण डग्गा आता फाटत नाही.