अंगठा नको

अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या समाचाराला जो येतो तो पहिल्यांदा विचारतो, ‘चालायला लागल्या का?’ आमची थोरली बहीण, आक्का, दीड महिन्यात काठी टेकत चालू लागली. अडून बसली ती वाचा, आणि तिच्याबरोबर उजवा हात.

गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला होती. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा तिथेच नांदते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनने एक रुग्ण पाहिला. त्याला बोललेले कळे, पण तोंडातून बहुधा ‘टां’ एवढेच निघे. तो गेल्यावर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढल्या भागात इजा दिसली. या विकाराला वाचाघात म्हणतात.

आक्काचा ‘टां’ म्हणजे ‘ते हे’. पाणी हवे, ‘ते हे’. खिडकी लावा, ‘ते हे’. आणि कोणी पावकी सुरू करून दिली, की ही बाई न अडखळता शेवटापर्यंत! रामरक्षेचेही तेच. नातवाला वाटले, आजी नाटक करते. नाटक नव्हे. घोकून पाठ झालेले बोलणे आणि मनातले जुळवून बोलणे यांच्या वाटाच निराळ्या. १९७३ साली बॉस्टनमधल्या मंडळींनी सुरांच्या आधाराने शब्द वदवून घेण्याची पद्धत मांडली. आमच्या वाचोपचारवाल्या बाई तेच करीत. ‘पाणी दे’ हे दोन सुरांत म्हणायचे आणि डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचा. ‘पाणी’ यायला सतरा दिवस लागले. त्यातही भेटायला येणारे तिचे वाक्य स्वतःच पुरे करून टाकत, आणि ती डोळे मिटून घेई.

नोव्हेंबर आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा. पस्तीस वर्षे बँकेत काढल्याने नियम मला पाठ. आजारपणामुळे सही करता येत नसेल तर हाताचा, नाहीतर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. माणुसकीचा नियम आहे. मी शाईचा पॅड पुढे केला.

‘नको,’ आक्का म्हणाली.

कोणी सूर धरून दिला नव्हता, की अर्धा शब्द पुरवला नव्हता. आजारपणातला तिचा हा पहिला आपणहून आलेला शब्द. तो हाच का, हे मला विचारावे लागले नाही. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. त्यानंतर आमच्या तालुक्यात रात्रीचे वर्ग निघाले, तेव्हा दिवसभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून ही कंदील घेऊन जाई. चाळिशीच्या बायका आपले नाव लिहायला शिकत. रेशनच्या दुकानात पहिली सही केलेली एक बाई तिला सांगायला धावत आली होती.

मग पाटी आली. डाव्या हातात पेन्सिल, आधी नुसत्या रेघा, मग गोल. ‘ग’ उलटा पडे, शिरोरेघ पाटीबाहेर जाई. पुसून पुन्हा. वीस दिवस असे गेले. हात वळला, पण अक्षर तिचे जुने नव्हे. नमुना सही नव्याने द्यावी लागणार होती.

बँकेचा तरुण अधिकारी घरी आला. आडनावापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. ‘चालेल आजी, एवढे पुरे,’ म्हणून त्याने कागदाला हात लावला. आक्काने कोपराने कागद दाबून धरला, आडनावातली राहिलेली वेलांटी काढली, आणि मगच तो त्याच्याकडे सरकवला.