कार्डाने दिलेले पैसे गटाच्या खात्यात पोचेपर्यंत



दसरा सरला की आपल्या किनाऱ्यावरचे फोन वाजायला लागतात. तारकर्ली-देवबागला निवास-न्याहारीच्या खोल्यांची चौकशी होते. मुंबईहून आमसुलं, आगळ, काजूगर, मालवणी मसाल्याच्या ऑर्डरी येतात. आणि बोलणं संपता संपता हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "क्रेडिट कार्ड चालेल ना? लिंक पाठवा." गटांच्या बैठकांना गेलो की बाया आम्हाला विचारतात, "हो म्हणायचं की नको?" आज त्याचीच गजाल करूया.

आपला जिल्हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून लांबचं गिऱ्हाईक आपल्याला नवीन नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. देवगडच्या आंबा उत्पादकांची सहकारी संस्था हापूस ऑनलाइन विकते. गिऱ्हाईक लांबचं असलं की पैसेही लांबूनच येणार. नाहीतर आहेच आपला दारात येणारा व्यापारी, रोख देणारा आणि भाव पाडून मागणारा. म्हणून हा विषय टाळून चालायचं नाही.

आधी एक फरक समजून घेऊ. भिंतीवर क्यूआर लावला म्हणजे कार्ड घेता आलं, असं नाही. यूपीआय 2016 मध्ये आलं. त्यात गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातले पैसे थेट आपल्या खात्यात येतात. क्रेडिट कार्डाचे पैसे मात्र उधारीचे असतात. ते बँक देते आणि गिऱ्हाईक बँकेला नंतर फेडतं. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण ते चालतं फक्त व्यवसायाच्या क्यूआरवर. एखादीच्या स्वतःच्या नावाचा साधा क्यूआर असेल तर ते चालणार नाही. तुमचा क्यूआर कुठला आहे, हे आज घरी गेल्यावर बघा.

बाकीची कार्डं, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे, ऑनलाइन घ्यायची तर मध्ये पेमेंट गेटवे चालवणारी कंपनी लागते. त्यासाठी वेबसाइट असायलाच हवी असं नाही. कंपनीकडे नाव नोंदवलं की मोबाइलवरून रकमेची लिंक तयार करता येते आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते. गिऱ्हाईक लिंक उघडून कार्डाचा नंबर घालतं. त्याची बँक त्याला ओटीपी पाठवते. तो घातला की बँक मंजुरी देते आणि पैसे गेटवे कंपनीकडे जमा होतात. कंपनीला ते वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिथून आपल्या खात्यात यायला साधारण दोन-तीन कामाचे दिवस जातात. मध्ये शनिवार-रविवार आला तर आणखी उशीर. त्यामुळे शनिवारी पाहुण्यांसाठी मासळी आणायचे पैसे शुक्रवारी भरलेल्या कार्डातून येतील, असं धरून चालू नका.

आता शुल्काचं बघू. यूपीआयने थेट बँक खात्यातून पैसे आले आणि रुपे डेबिट कार्डाने आले, तर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला शुल्क नाही. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावरही छोट्या व्यावसायिकाला 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. इतर क्रेडिट कार्डांना ऑनलाइन साधारण दोन टक्के शुल्क पडतं आणि व्यवहार 2,000 रुपयांच्या वरचा असेल तर त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. परदेशी कार्डाला दर याहून जास्त असतो. प्रत्येक कंपनीचा दर निराळा, म्हणून तो लेखी मागून घ्यायचा.

हिशेब करून बघू. खोलीसाठी 3,000 रुपये आगाऊ घेतले. दोन टक्के म्हणजे 60 रुपये, त्यावर जीएसटी 10 रुपये 80 पैसे. हातात आले 2,929 रुपये 20 पैसे. हे फार जड नाही. आता मसाला घ्या. समजा किलोला 800 रुपये दर आहे आणि सगळा खर्च जाऊन 120 रुपये सुटतात. शुल्क होतं 16 रुपये. हे दोन टक्के विक्रीवर लागतात, नफ्यावर नाही. आपल्या 120 रुपयांतले सुमारे तेरा टक्के त्यात गेले. दर ठरवतानाच हे धरलं नाही, तर वर्षभर कांडप करून गटाच्या हाती कमीच उरेल.

मग कार्ड कधी घ्यायचं? आमचं म्हणणं असं. रोजच्या किरकोळ विक्रीला यूपीआय आणि रोख पुरे. खोलीची आगाऊ रक्कम, मोठी ऑर्डर आणि परदेशातून येणारा पाहुणा, यांच्यासाठी कार्डाची सोय ठेवावी. आगाऊ रक्कम मिळाली की पाहुणा ऐनवेळी फिरकला नाही तरी खोली अगदीच फुकट जात नाही. परदेशी कार्ड घ्यायचं असेल तर ती परवानगी कंपनीकडून वेगळी मागून घ्यावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्डाने आलेले पैसे परत जाऊ शकतात. गिऱ्हाइकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली की, "माल मिळालाच नाही", "खोली दाखवली तशी नव्हती", "हा व्यवहार मी केलाच नाही", तर बँक ती रक्कम परत मागते. याला चार्जबॅक म्हणतात. मग पुरावा आपण द्यायचा असतो, तोही ठरलेल्या मुदतीत. कंपनी त्याची सूचना ईमेलवर पाठवते. उत्तर गेलं नाही तर पैसे गेलेच म्हणून समजा. आणि तोवर ते पैसे बायांमध्ये वाटले गेले असतील, तर भरायचे कोणी?

म्हणून प्रत्येक व्यवहाराची कागदं जपा. मालाचं बिल, कुरिअरची पावती, पाहुण्याच्या सहीची नोंदवही, खोलीचे खरे फोटो. आणि लिंक पाठवण्याआधी रद्द करण्याचे नियम लिहून कळवा: किती दिवस आधी कळवलं तर किती पैसे परत, बोट बंद राहिली तर काय. वादळवाऱ्यात किल्ल्याची होडी सुटत नाही, हे आपल्याला माहीत आहे, पुण्याच्या पाहुण्याला नाही. पैसे परत करायची वेळ आली तर ते गेटवेमधूनच, त्याच कार्डावर परत करा. हातात रोख दिली आणि मागाहून बँकेतही तक्रार गेली, तर दोनदा भुर्दंड. परत केलेल्या रकमेवरचं शुल्क बहुतेक ठिकाणी आपल्याला मिळत नाही, तेही लक्षात ठेवा.

पैसे कोणाच्या खात्यात जातात, यावर तर गट टिकतो किंवा फुटतो. सोपं पडतं म्हणून सचिवाच्या नाहीतर तिच्या मुलाच्या खात्यावर लिंक काढली जाते. ती बाई कितीही प्रामाणिक असली तरी सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "पैसे इले ते खंय गेले?" त्यापेक्षा गटाच्या नावाने पॅन कार्ड काढा आणि गटाचंच बँक खातं जोडा. नोंदणीच्या वेळी अध्यक्ष-सचिवांची कागदपत्रं लागतील. व्यवसायाचा पुरावा म्हणून उद्यम नोंदणी उपयोगी पडते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न नोंदणीही हवी. मोबाइल आणि ईमेल कोण बघणार, हे बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा आणि जोडीला दुसरी बाई नेमा.

शेवटी थोडं सावधपणाचं. गिऱ्हाइकाला फोनवर कार्डाचा नंबर विचारू नका, कार्डाचा फोटो मागवू नका, वहीत उतरवून ठेवू नका. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराने कार्डाचा नंबर साठवून ठेवणं नियमात बसत नाही. पैसे आल्याचा फोटो कोणी पाठवला तर त्यावर जाऊ नका, आपल्या खात्यात किंवा गेटवेच्या अ‍ॅपमध्ये बघा. कोणी लष्करातला साहेब म्हणून दहा खोल्या मागेल आणि "आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन घाला" म्हणेल. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन घातला की पैसे आपलेच जातात. तरीही कोणी फसलंच, तर लाजत बसू नका, लगेच 1930 या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत हे तीन ठराव घ्या, मैत्रिणींनो: खातं गटाच्या नावाचं, शुल्क दरात धरलेलं, आणि तक्रारीची मुदत टळेपर्यंत कार्डाच्या पैशातला काही हिस्सा बाजूला ठेवलेला. हे तीन झाले, की फोनवर "कार्ड चालेल ना?" म्हणून कोणी विचारलं तर बिनधास्त सांगा, "चालेल. लिंक पाठवते."