तेलकट चेहऱ्याची तहान

"ताई, माझी स्किन ऑयली आहे, जरा चांगलं स्क्रब करा," असं खुर्चीत बसता बसताच बऱ्याचजणी सांगतात. मी हो म्हणते, पण स्क्रबच्या डबीला लगेच हात लावत नाही. आधी सौम्य क्लिन्झरने चेहरा धुऊन, टिपून अर्धा तास तसाच ठेवते. तेवढ्यात हातापायांचं वॅक्सिंग उरकतं. धुतल्याधुतल्या कुठलीही त्वचा ओढल्यासारखी दिसते. तेल वर यायला वेळ द्यावाच लागतो.

मग टिश्यूचे तुकडे दाबून बघायचे. कपाळ, नाक, हनुवटीवर तैलग्रंथी दाट असतात. तिथला कागद तेलाने पारदर्शक झाला आणि गालावरचा कोराच राहिला, की त्वचा मिश्र. सगळीकडे डाग आले तर तेलकट, कुठेच नाही आले तर कोरडी. इथवर कोर्समध्येही शिकवतात.

खरं काम भिंगाच्या दिव्याखाली सुरू होतं. परवा एका कॉलेजच्या मुलीचं कपाळ चकचकत होतं, पण गाल बोटांनी हलकेच वर सरकवला तर बारीक बारीक रेघांची जाळी उमटली. विचारल्यावर कळलं, दिवसातून चार-पाच वेळा फेसवॉश! तेल भरपूर, पाणी मात्र उडून गेलेलं. त्वचेत तेल कमी असणं हा मुळातला स्वभाव. पाणी कमी होणं ही तात्पुरती अवस्था, आणि ती तेलकट त्वचेलाही गाठते. अशा चेहऱ्यावर वाफ आणि स्क्रब म्हणजे अत्याचारच. तिला नुसता गार जेल मास्क लावला, वर हलकं मॉइश्चरायझर, आणि फेसवॉश दोनच वेळा करायला सांगितला.

उन्हात त्वचा कशी वागते, त्यावरून त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये सुरू केलेली वर्गवारीही मी बघते. तिच्या सहा प्रकारांपैकी आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात. या त्वचेवर पुळी फोडली, वॅक्स जास्त तापलं, की मागे काळा डाग राहतो, महिनोन्‌महिने. म्हणून केमिकल पीलच्या बाबतीत माझा हात आखडताच असतो.

सगळ्यात काळजी वाटते ती पातळ, लालसर, बारीक शिरा दिसणाऱ्या गालांची. "कुठली ट्यूब लावता?" विचारलं, की बरेचदा मेडिकलमधून परस्पर आणलेली, गोरं करणारी स्टेरॉइडची क्रीम निघते. ती एकदम बंद केली तर चेहरा भडकतो, त्यामुळे ते त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवायचं. लग्न आठवड्यावर असलं तरी त्या चेहऱ्याला मी ब्लीच लावत नाही. गिऱ्हाईक रुसून दुसऱ्या पार्लरला गेलं तरी चालेल.